सात नंबरच्या कांड्या

त्या वर्षी जगात टंगस्टनची टंचाई झाली आहे, असे सगळे गंभीर चेहऱ्याने सांगत. जमिनीखाली ते होते तेवढेच होते आणि होते तिथेच होते. टंचाई झाली होती ती आयते आणून देणाऱ्यांची. मोठ्या कंपन्यांनी नव्या जागा शोधणे केव्हाच सोडले होते, कारण शोधण्यात पैसा जातो आणि बहुधा हाती काही लागत नाही. ज्याने आधीच शोधून ठेवले आहे त्यालाच विकत घेणे स्वस्त पडते, आणि भागधारकांच्या सभेत त्याला दूरदृष्टी म्हणता येते. त्यामुळे ज्या लहान खाणींकडे कालपर्यंत बँकेचा शिपाईसुद्धा ढुंकून पाहत नव्हता, त्या एकाएकी देखण्या दिसू लागल्या.

"अप्पांनी ताईला एक स्थळ आणलं नाही," दादा गेल्या बैठकीत म्हणाला होता, "आणि तिच्या खाणीला बघा, एका हंगामात तीन चालून आली."

ताई त्यावर हसली होती. त्या घरात न हसल्यास फार स्पष्टीकरण द्यावे लागे.

तिघांपैकी पहिल्याला फक्त खाणपट्टा हवा होता, आपल्या वार्षिक अहवालात शोभेला लावायला. दुसऱ्याचे पत्र आले आणि आठवड्यात दुसरे आले की पहिले विसरा. तिसऱ्याने मात्र खरोखरच माणूस पाठवला. हा माणूस म्हणजे एक कृश, सभ्य, पोटाच्या तक्रारीने त्रासलेला भूगर्भतज्ज्ञ; घरात सगळे त्याला तपासनीस म्हणत. त्याने आल्या दिवशीच शेडमधल्या सात नंबरच्या बोअरच्या पेट्या उघडायला सांगितल्या होत्या. अप्पांच्या, म्हणजे या भावंडांच्या वडिलांच्या, काळात त्या जागी जमिनीत खोलवर ड्रिल घातले होते आणि त्यातून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या, ज्या खोलीवरच्या त्या खोलीच्या क्रमाने, लाकडी पेट्यांत ओळीने निजवून ठेवल्या होत्या. खाली टंगस्टनची एक जाड शीर आहे, आजवर खणलेल्या सगळ्याहून श्रीमंत, हे या कुटुंबातले शेंबडे पोरही जाणत होते. कंपनीची सगळी किंमत त्या शिरेत होती.

तपासनिसाने शिरेची पेटी उघडली, आणि त्यात शिरेच्या जागी लाकडाचे ठोकळे निघाले. कांडी काढली की तिथे ठोकळा ठेवायचा आणि त्यावर कारण लिहायचे, हा धंद्यातला शिरस्ता अप्पांनी काटेकोर पाळला होता. प्रत्येक ठोकळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता: भेट.

कारण अप्पांची एक पद्धत होती. घरात लग्न झाले किंवा मूल जन्मले की ते सात नंबरच्या पेटीतून शिरेची एक कांडी मोडून घेत, तिची एक बाजू घासून आरशासारखी करीत, तिच्यावर नाव कोरीत आणि भेट देत. वरून खाली, एकामागून एक. ज्या दगडाने कुटुंबाची मालमत्ता सिद्ध व्हायची, तो दगड त्यांनी कौतुकाने कुटुंबातच वाटून टाकला, आणि सगळ्यांनी तो शोकेसमध्ये, टेबलावर, फुलदाणीशेजारी असा मांडला की पाहुण्यांनी विचारावे. जुन्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. प्रयोगशाळाच आता नव्हती. कागदावर आमचा विश्वास बसत नाही, तपासनीस दिलगिरीने म्हणाला, दगड दाखवा. नव्याने ड्रिल करावे तर बाजारातली सगळी यंत्रे मोठ्यांनी पुढच्या वर्षापर्यंत अडकवून ठेवलेली, आणि खरेदीची तयारी महिनाअखेरपर्यंतच.

म्हणून आज दुपारी प्रत्येकाने आपापली कांडी घेऊन यायचे होते.

*

खाणीचे ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, एक टेबल, भिंतीला नकाशे आणि एक दार. ते दार वाऱ्याने आपटते म्हणून वर्षानुवर्षे एका दगडाने अडवून ठेवलेले असे. दाराला जेव्हा जेव्हा रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने दगडालाही एक हात मारला होता. त्यामुळे आता तो दगड कमी आणि दाराचाच एखादा अवयव जास्त वाटे. बाहेरून क्रशरची घरघर अखंड आत येई. ताईला ती आता ऐकू येत नसे. बंद पडली तरच ऐकू येई.

टेबलावर दोन मसुदे होते. शीर सिद्ध झाली तर पहिला: खाण चालू राहील, खोल भाग उघडला जाईल, कामगार राहतील, आणि खोल भाग उघडून स्थिर होईपर्यंत सध्याच्या व्यवस्थापक आपल्या पदावर राहतील. सध्याच्या व्यवस्थापक म्हणजे ताई. शीर सिद्ध झाली नाही तर दुसरा: विकत घेणारी कंपनी क्रशर आणि खाणपट्टा तेवढा घेईल, दुसरीकडचा दगड आणून इथे फोडील, आणि खाण पाण्याने भरू देईल. दुसऱ्या मसुद्यात ताईबद्दल एक शब्दही नव्हता.

तो नसलेला शब्द तिने पुन्हा पुन्हा वाचला होता. एका सपाट गावात, जिथे जमिनीखाली नुसती जमीनच आहे, तिने दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. घरमालकिणीला महिनाअखेर कळवते म्हणाली होती. हे तिने कुणालाही सांगितले नव्हते. ती सत्तरीला टेकली होती, तिचे गुडघे गेले होते, आणि अप्पा गेले त्या आठवड्यात 'तात्पुरतं' म्हणून ती या खुर्चीत बसली होती.

दाराशी ठेच लागून कुणीतरी पुटपुटले. दादा आला होता.

"हा दगड एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार," तो म्हणाला. तो वकील असल्यामुळे जीव घेण्याचा संबंध नेहमी भरपाईशी जोडत असे. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके काढले, एकेक टेबलावर ठेवले आणि शेवटचे दोन जरा मागे ढकलले.

"ही दोन का?" कुदळ म्हणाली.

कुदळ ही मधल्या भावाची मुलगी. मधला भाऊ गेला. त्याच्या मुलीने भूगर्भशास्त्र घेतले तेव्हा दादाने तिला हे नाव दिले होते, आणि ती ते बिरुदासारखे मिरवत होती. खाणीत नोकरीला असलेली ती पुढच्या पिढीतली एकटीच. तिने स्वतःच्या जन्माची कांडी आणि आईवडिलांच्या लग्नाची कांडी सकाळीच पेटीत बसवली होती.

दादाने कागद सोडला. त्याच्या लग्नाची कांडी उभी चिरून तिचे दोन भाग केलेले होते.

"पुस्तकांना टेकू हवा होता," तो म्हणाला.

"काका, तुम्ही चिरलीत?"

"मी नाही. काकूने चिरून आणली. वाढदिवसाला. मी काय म्हणणार, नको?"

तपासनिसाने दोन्ही भाग हातात घेतले, एकमेकांना लावले, आणि चिरण्याचे पाते स्वच्छ होते का एवढेच विचारले. दादाला हे फार लागले. आपल्या संसाराचे अर्धुके-अर्धुके होऊन तीस वर्षे जाडजूड कायद्याची पुस्तके पेलत राहिले, आणि समोरचा माणूस पात्याची चौकशी करतो आहे! पण दादा दमला होता. दोन्ही मुले परदेशी. आपल्या जन्माच्या कांड्या ती इथेच सोडून गेली होती, सामानात वजन नको म्हणून. फोनवर दोघांचे म्हणणे एकच होते: बाबा, काय ते एकदाचं मिटवा. त्यालाही मिटवायचेच होते. पहिल्या मसुद्यात किंमत अधिक होती, म्हणून त्याला पहिला मसुदा हवा होता. पण खरे तर अधिक किमतीचे काय करायचे हेही त्याला नीट सुचत नव्हते.

"हे सगळं फोडणार तुम्ही?" त्याने तपासनिसाला विचारले.

फोडावे लागते, तपासनीस म्हणाला. पीठ करून प्रयोगशाळेत. नावासकट. पण आधी दिव्याखाली बघून घेईन. या खनिजाची जातच अशी आहे की अतिनील दिव्याखाली निळी पेटते. कांड्या सगळ्या मांडून झाल्या की खोली अंधारी करू.

कुदळ एकेक कांडी उचलून पेटीत बसवू लागली. अप्पांनी कांड्या करवतीने कापल्या नव्हत्या, हातोडीने मोडल्या होत्या. त्यामुळे प्रत्येकीचे तुटलेले टोक पुढचीच्या टोकात नेमके बसत होते, आणि तो आवाज, दगडाने दगडाला ओळखल्याचा, इतका समाधानाचा होता की तपासनीससुद्धा पोटावरचा हात काढून वाकला. दादाचे लग्न. मधल्याचे लग्न. दादाचा थोरला. कुदळ स्वतः. जमिनीतली खोली आणि घरातली सनावळी एकाच क्रमाने खाली चालली होती.

"पुढे छोटी आत्याचं लग्न," कुदळ म्हणाली. "ती अजून आली नाही. मग ही एक जागा... मग काकांचा धाकटा. मग..." ती थांबली. "मग शेवटची. आणि खाली शीर संपेपर्यंत सगळं जागच्या जागी आहे."

"ही मधली जागा कुणाची?" तपासनिसाने विचारले. त्याचे बोट छोटीच्या लग्नाच्या आणि दादाच्या धाकट्याच्या मधल्या ठोकळ्यावर होते. ठोकळ्यावर 'भेट' असेच लिहिले होते.

दादाने बोटे मोडून हिशेब केला. "छोटीच्या लग्नानंतर आमच्या धाकट्यापर्यंत घरात काहीच घडलं नाही. ताई, अप्पांनी कुणाला दिली?"

"अप्पा काय मला विचारून द्यायचे?" ताई म्हणाली.

हे खरे होते, आणि ते उत्तर नव्हते. छोटीचे लग्न झाले त्याच वर्षी, धाकटीचे थोरलीच्या आधी झाले त्या वर्षी, घरातल्या सगळ्यांनी एक शब्द न बोलता एक गोष्ट ठरवून टाकली होती. एका दुपारी ऑफिसचे दार आपटत होते. अप्पा शेडमध्ये गेले आणि एक कांडी मोडून घेऊन आले. ती घासली नव्हती, तिच्यावर नाव नव्हते. त्यांनी ती ताईच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, दाराला लाव, तुला काय, अख्खी खाणच आहे.

तिने दाराला लावली होती.

*

छोटी आली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि तिने ती मांडीवरून खाली ठेवली नाही. दिवसभर दुसऱ्यांची औषधे मोजून देणाऱ्या या बाईला आपल्या दुखण्याचे नाव घ्यायची कधी सवय नव्हती. लग्नाची कांडी तिने लगेच काढून दिली. तिच्यावर दोन नावे होती. त्यातले एक नाव आता दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईबरोबर राहत होते.

"घ्या," ती म्हणाली, "हिचं पीठ करा, मी स्वतः जातं ओढते."

कुदळ हसली. छोटीही हसली. मग कुदळीने हात पुढे केला, आणि छोटीने पिशवीचे तोंड मुठीत धरले.

त्या पिशवीत काय आहे हे तपासनीस सोडून सगळ्यांना ठाऊक होते. अप्पा बाळ होण्याची वाट न पाहता आधीच कांडी घासून ठेवीत, नावाची जागा तेवढी रिकामी सोडून. छोटीचे बाळ नाव ठेवण्याइतके राहिले नाही. अप्पांनी कांडी तिला तशीच दिली, आणि त्यानंतर सात नंबरच्या पेटीला हात लावला नाही. घासलेली चकचकीत बाजू, तिच्यावर काहीही नाही. छोटी कधीतरी त्या बाजूवर बोट फिरवी. रडे वगैरे नाही. ते केव्हाच थांबले होते. बोट फिरवून ती कामावर जाई.

"एक नसली तर चालणार नाही का?" तिने तपासनिसाला विचारले.

तपासनीस वाईट माणूस नव्हता, आणि त्यामुळेच त्याने सविस्तर समजावून सांगितले. जे नाही ते आम्ही शून्य धरतो. रिकाम्या जागी दगडात काहीच नव्हते असे लिहितो. एक शून्य खपते. पण इथे एक जागा आधीच बेवारस आहे. दुसरीही रिकामी राहिली तर मध्ये उरते ती एकच कांडी, आणि एका कांडीला शीर म्हणत नाहीत. मग वर एक बारीक पट्टी, खाली एक बारीक पट्टी, आणि दोन्ही खणण्यालायक नाहीत.

"म्हणजे दुसरा मसुदा," दादा म्हणाला.

"म्हणजे दुसरा मसुदा."

"मग मी देणार नाही," छोटी म्हणाली. आवाज न चढवता, जणू दुकानात एखादे औषध संपले आहे असे सांगावे तसे.

ताई खिडकीकडे पाहत होती. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, खाली नुसती जमीन. तिला काहीच करायचे नव्हते; बसून राहायचे होते, आणि ते ती उत्तम जाणत होती. छोटी नाही म्हणेल. खाण बंद पडेल. दोष कुणाचाच असणार नाही. पण हे शेवटचे वाक्य खरे नाही, हे तिला ते मनात पूर्ण होण्याआधीच कळले.

*

पुढचा तास ज्याला चर्चा म्हणतात तसा गेला. दादाने आधी भावनेला हात घातला, मग कायद्याला, मग हिश्शांना. तुझा भाग तू सांभाळ, पण बाकीच्यांच्या भागावर पाणी सोडायचा हक्क तुला कुणी दिला? छोटीने विचारले, तुझ्या मुलांना कांड्यांच्या वजनाचा त्रास झाला म्हणून त्या इथे राहिल्या, माझ्याजवळ वजन सोडून दुसरं काय आहे? तपासनीस कॉफीच्या मिषाने अंगणात गेला. बराच वेळ तो पोटावर हात ठेवून क्रशरकडे पाहत उभा होता. दुसऱ्यांच्या घरातली भांडणे हा त्याच्या कामाचा भाग आहे, हे त्याला नोकरी देताना कुणी सांगितले नव्हते.

कुदळीला वाटत होते की आपण छोटी आत्याच्या बाजूच्या आहोत. वडील गेले त्या वर्षी हिच्याच घरी ती राहिली होती, हिच्याच हातचे खाऊन परीक्षा दिल्या होत्या. ती कांडी तिने तेव्हा पाहिली होती, उशाशी, घड्याळाच्या बाजूला. तिने कधी विचारले नव्हते. पण त्याच वेळी पेटीतल्या त्या दोन रिकाम्या जागा तिला दोन पडलेल्या दातांसारख्या दिसत होत्या, आणि खाली, प्रत्यक्ष जमिनीत, ती शीर अखंड पडली आहे हे तिला ठाऊक होते. तिथवर उतरणे हेच तिने आपले आयुष्य ठरवले होते. दुसरी खाण तिला मिळाली असती. या टंचाईत भूगर्भवाल्यांनाही मागणी होती. पण ही तिची होती.

"छोटी आत्या," ती शेवटी म्हणाली, "मी त्याच्यातला एक तुकडा तुला ठेवून देईन. टोकाचा. तेवढा चालेल, मी बोलते त्यांच्याशी."

छोटीने तिच्याकडे पाहिले. दादा ओरडला असता तरी तिला इतके लागले नसते.

"तूसुद्धा भाव करायला लागलीस का गं?"

कुदळीने मान खाली घातली. तिला जे वाटले होते ते उदार होते, आणि तोंडातून बाहेर आले ते दुकानदारासारखे. ही चूक तिने कुठून उचलली हे तिला कळेना. ती घरातलीच होती.

"दीडशे माणसं कामाला आहेत इथे," दादा म्हणाला. आतापर्यंत त्याला ही माणसे आठवली नव्हती, पण आता ती हाताशी होती. "उद्या खाण बंद पडली तर ती विचारतील, कशामुळे? काय सांगायचं? एका दगडामुळे?"

"सांग."

"छोटे, ऐक. मी वाईट म्हणून नाही बोलत. जे मूल धड चार दिवस राहिलं नाही, ज्याचं नावसुद्धा नाही, त्याच्यापायी..." त्याने वाक्य पुरे केले नाही, त्याला वाटले, अर्धे सोडले म्हणजे ते सौम्य झाले.

छोटी उठली. पिशवी तिने छातीशी धरली होती. "मी जाते," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगा, माझ्यामुळे बंद पडली. मला चालेल."

आणि तिला चालले असते, हे ताईला दिसले. छोटी हा दोष घरी नेईल, तो घड्याळाच्या बाजूला ठेवील आणि रोज सकाळी त्यावर बोट फिरवून कामाला जाईल. दादा पुढची वीस वर्षे प्रत्येक जेवणाच्या वेळी ते अर्धे वाक्य बोलत राहील. कुदळ दुसऱ्या खाणीत जाईल आणि छोटी आत्याला फोन करायचा आहे हे विसरत जाईल. आणि आपण सपाट गावात पूर्वेच्या खिडकीशी बसलेलो असू, सुटलेलो, आपल्या हाताने काहीही न करता. या घराने आपल्याला नेहमी असेच वागवले, काही न करता, काही न बोलता. आणि तेच आपण शिकलो.

"बस," ताई म्हणाली.

"ताई, मला..."

"तुला कोण काय मागतंय? बस खाली. कुदळे, त्यांना आत बोलव. दिवा लावायचाय ना त्यांना."

"पण आत्या, अजून ठरलं कुठे?"

"बोलव म्हटलं ना."

*

तपासनीस दिवा घेऊन आला. दादाने खिडक्यांवर नकाशे टांगले. खोली निम्मी काळोखी झाली. उरलेला उजेड उघड्या दारातून येत होता.

"दार लावायला हवं," तपासनीस म्हणाला, जरा संकोचाने, कारण ते दार लावलेले कुणी कधी पाहिले नव्हते.

"मी लावते," ताई म्हणाली.

ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. दगड जागचा हलायला वेळ लागला. खाली फरशीत त्याने आपली एक खाच करून घेतली होती. दादा मदतीला पुढे झाला तर तिने त्याला नजरेनेच थांबवले. दगड दोन्ही हातांनी उचलून तिने पोटाशी धरला. सुटलेले दार वाऱ्याने आपोआप मिटले आणि क्रशरची घरघर एकदम दूर गेली. मग ती टेबलाशी आली, 'भेट' लिहिलेला बेवारस ठोकळा पेटीतून काढून बाजूला ठेवला, आणि दगड त्या जागी निजवला. तो पुरता बसला नाही. रंगाचा थर आड येत होता. तिने टोकाशी नखाने खरवडले, पुन्हा लावला, आणि तो छोटीच्या लग्नाच्या कांडीत टोकाला टोक भिडून बसला. तसाच आवाज झाला.

कुदळ लहानपणापासून त्या दगडाला ठेचकाळत आली होती. दगडांचेच शिक्षण घेऊन परत आली होती आणि रोज त्याला ओलांडून कामावर बसत होती. तिने हात पुढे करून दगडाला स्पर्श केला आणि मागे घेतला.

"हा तुझा?" दादाने विचारले. "अप्पांनी तुला... कशाबद्दल?"

"दार आपटत होतं," ताई म्हणाली.

"आणि तू इतका वेळ..." त्याला प्रश्न पुरा करता आला नाही, आणि या वेळी सौम्यपणामुळे नाही. त्याने टेबलावरच्या पहिल्या मसुद्याकडे पाहिले, मग तिच्या गुडघ्यांकडे. वकिलाला कलमे लक्षात असतात. "ताई, पहिल्यात तुला राहावं लागेल. खोल भाग उघडेपर्यंत. तू वाचलंयस ना?"

"वाचलंय."

"मग?"

"मग काय? दिवा लावू दे त्यांना."

छोटी मात्र ताईकडे पाहत राहिली होती. बहिणींमध्ये काही गोष्टी न सांगता कळतात असे म्हणतात. या दोघींमध्ये त्या बहुधा न सांगता राहूनच गेल्या होत्या. दोन खोल्यांची गोष्ट तिला कधीच कळणार नव्हती. पण आपली पिशवी कुणी मागत नाही हे तिला कळले, आणि तिची मूठ सैल झाली.

तपासनिसाने दिवा पेटवला.

काळोखात आधी काहीच दिसले नाही. मग पेटीभर निळे चढत गेले, थंड, दुधाळ, एका टोकापासून पुढे. चिरलेले लग्न पेटले, मोडलेले लग्न पेटले, परदेशी गेलेली मुले पेटली, मेलेल्या भावाचे नाव त्या उजेडात काळे कोरलेले दिसले. ताईचा दगड रंगाखाली काळाच राहिला. फक्त तिने खरवडलेल्या टोकाशी आणि फरशीवर घासून उघड्या पडलेल्या कडेवर तो इतका प्रखर निळा होता की तपासनिसाने श्वास आत ओढल्याचे सगळ्यांना ऐकू आले. त्याच्या खाली दादाचा धाकटा, आणि त्याच्या खाली एका कांडीएवढा काळोख.

तपासनीस पेन आणि टाचणवही घेऊन वाकला. "वरपासून सगळं आहे," तो हळू म्हणाला. "ही एक जागा तेवढी रिकामी."

"रिकामी नाही," ताई म्हणाली. "तुम्ही शून्य लिहा."

त्याने शून्य लिहिले.

नकाशे उतरवले, दार उघडले. वारा होताच, दार दोनदा आपटले, तिसऱ्यांदा आपटले तेव्हा भिंतीवरचे घड्याळ हलले. कुदळ अडवायला काहीतरी शोधू लागली, कचऱ्याची बादली लावून पाहिली, ती घरंगळत गेली. दादा पहिल्या मसुद्यावर कुणी कुठे सही करायची ते पेन्सिलीने फुल्या मारून दाखवत होता. तपासनीस कांड्या पोत्यात भरत होता, एकेक, नाव वाचून.

ताईने आपली खुर्ची टेबलाकडून ओढत आणली, उघड्या दाराला टेकवली आणि तिच्यावर बसली.

"आण इकडे ते कागद," ती म्हणाली. "इथेच करते सही."